पहिला, दुसरा की तिसरा?

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला जुलै म्हणजे ऐन हिवाळा. दक्षिणेचा वारा सुटला की छत्री उघडण्यात अर्थ नसतो. संक्रांत कधीच होऊन गेलेली, गणपतीला अजून अवकाश. आमच्या मराठी मंडळाचं वर्ष इथे जरा सुनं पडायचं, म्हणून कुणीतरी टूम काढली की एक अख्खा शनिवार काढून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या सिनेमाचे तिन्ही भाग सलग बघायचे. तेही वाढीव आवृत्तीत, म्हणजे अकरा तासांच्या वर. पुढे ते दरवर्षीचंच झालं.

हॉल भाड्याचा, पडदा मागून आणलेला, पुढे सतरंज्या, मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या. पहिल्या भागाला पोहे, दुसऱ्याला मिसळ, तिसऱ्याला मुगाची खिचडी. सिनेमातला बुटका, खादाड पिपिन दुसऱ्या न्याहारीची चौकशी करतो, नेमक्या त्या क्षणी पोह्यांची दुसरी कढई बाहेर आणायचा मान स्वयंपाकघरातल्या मंडळींनी कधी सोडला नाही.

वाढीव आवृत्तीचा प्रत्येक भाग दोन डीव्हीडींवर. पहिल्या भागाची पहिली डीव्हीडी एलरॉन्डने बोलावलेल्या सभेपाशी संपते. अंगठी नष्ट करायला निघणाऱ्या नऊ जणांची निवड झाली की दिवे लागायचे, चहा यायचा आणि तिन्हींत सरस भाग कोणता या भांडणाला तोंड फुटायचं.

तिसरावाल्यांचं पारडं कागदावर जड. 11 नामांकनं आणि 11 ऑस्कर, एकही हुकलं नाही. त्यातून त्याचा जगातला पहिला खेळ 1 डिसेंबर 2003 ला आमच्याच गावात, एम्बसी थिएटरात झालेला. रस्त्यावर लाखभर माणूस लोटलं होतं, आणि त्या गर्दीत आपण नेमके कुठे उभे होतो हे सांगितल्याशिवाय या लोकांचा युक्तिवाद सुरूच व्हायचा नाही. डोंगरमाथ्यांवर एकामागून एक पेटत जाणारे इशाऱ्याचे जाळ आणि त्यांच्याबरोबर चढत जाणारं हॉवर्ड शोअरचं संगीत, इथे मीही तोंड मिटून बसायचो. पण तो शेवट! संपला म्हणून माणूस उठावं, तर पुन्हा उजेड. आपल्याकडे पाहुणे निघतात तसं, 'येतो' म्हणून झाल्यावर दारात अर्धा तास. तोवर पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायची आणि आया मोजे शोधत असायच्या.

दुसऱ्या भागाला ना आरंभ ना शेवट, आणि ऑस्करही दोनच. एरवी तो मधल्या भावासारखा दुर्लक्षित राहिला असता, पण आमच्या हॉलमध्ये त्याचा दरारा मोठा, आणि त्याला कारण क्रिकेट. 2002 च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. मधल्या वेळेत दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः मैदानात उतरला आणि सुमारे 25 हजार प्रेक्षकांकडून त्याने उरुक-हाईंच्या, म्हणजे सिनेमातल्या राक्षसी सैनिकांच्या, आरोळ्या घोकून घेतल्या. पडद्यावर हेल्म्स डीप या किल्ल्याच्या तटाबाहेर जे सैन्य गरजतं, त्यात ते क्रिकेटवेडे आहेत. आमच्या मंडळातले एक काका त्या सामन्याला होते. सैन्य दिसलं की ते खुर्चीतून उठायचे, "हा मी!" म्हणायचे आणि छाती बडवायचे. पाठोपाठ सगळा हॉल.

त्यात हेल्म्स डीप उभारलं होतं ते हट व्हॅलीतल्या दगडखाणीत. रोज तिच्यावरून नोकरीला जाणारे लोक आमच्यात होते. त्यामुळे दुसरावाल्यांचा सूर नेहमी घरमालकाचा. टॉल्कीनचं मूळ पुस्तक वाचलेले मात्र एल्फ, म्हणजे कथेतली अमर जमात, किल्ल्याच्या मदतीला येतात तिथे कुरकुरायचे, कारण मुळात ते येतच नाहीत. मला तो बदल पटतो. त्या भिजलेल्या रात्री शिस्तीत चालत येणारी ती पलटण बघून कुणाला बरं वाटणार नाही?

तरी मी पहिलावालाच. मोरियाच्या भुयारांतला अंधार, पुलावर काठी रोवून उभा राहिलेला जादूगार गँडाल्फ, हे आहेच. पण माझा मुद्दा त्या नऊ जणांतल्या बोरोमीरचा. पुस्तकात त्याचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला येतो. सिनेमावाल्यांनी तो पुढे ओढून पहिल्या भागाच्या अखेरीस आणला. अंगठीच्या मोहाला बळी पडलेला माणूस बाण झेलत उभा राहतो, आणि पुढचं काही न बघताही तो भाग आपल्यापुरता पुरा होतो. बाकी दोघांना हे जमलेलं नाही.

माझी बाजू सर्वांत चांगली मांडली ती लेकीकडे आलेल्या नाशिकच्या एका आजींनी. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं. बोरोमीर पडला तेव्हा म्हणाल्या, "गेला का हा? बरा होता की." मग तिन्ही भाग संपेपर्यंत ताठ बसल्या. कोणता आवडला विचारल्यावर म्हणाल्या, "पहिला. त्यात सगळे बरोबर तरी चालतात. पुढे एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही."

एका वर्षी समितीने ठराव आणला की हॉलचं भाडं वाढलंय, यंदा एकच भाग दाखवू. कोणता, यावर सभा रात्री उशिरापर्यंत चालली. काकांनी दुसऱ्यासाठी आवाज लावला, तिसरावाल्यांनी ऑस्कर मोजून दाखवले, मी आजींचं वाक्य वापरलं. शेवटी खजिनदार वैतागून म्हणाले, तिन्ही दाखवा, पण खिचडी घरून आणा.