तेवीस पोरं, अठरा व्हॅलिड

जिल्हा परिषदेची शाळा बंद पडते म्हणजे कुणी साहेब गाडीतून उतरून कुलूप लावतो असं बऱ्याच लोकांना वाटतं. मी इतकी वर्षं नोकरी करतोय, कुलूप लावताना अजून कुणाला बघितलं नाही. आधी एक पद जातं, मग वर्ग एकत्र बसवतात, मग गावातले चार शहाणे पालक म्हणतात मास्तरच नाही तर पोरगं तिथं काय करणार, आणि इंग्लिश मिडियमच्या व्हॅनवाल्याला फोन लावतात. पुढच्या वर्षी पट अजून खाली, म्हणून अजून एक पद. शेवटी शाळा आपोआप मरते आणि कागदावर लिहितात की विद्यार्थीच नव्हते.

मी मराठवाड्यातल्या एका पहिली ते सातवीच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवतो म्हणजे ऑर्डरीवर तसं आहे, प्रत्यक्षात त्या दोन वर्गांना मी एकटाच, त्यामुळे इतिहास पण मीच आणि हिंदी पण मीच. हे 2024 च्या सप्टेंबरातलं सांगतोय.

त्याच वर्षी 15 मार्चला संचमान्यतेचा नवा जीआर आला होता. शिक्षणक्षेत्राबाहेरच्यांसाठी सांगतो, संचमान्यता म्हणजे कुठल्या शाळेला किती मास्तर मंजूर याचा दरवर्षीचा हिशोब, आणि त्याला पट धरतात 30 सप्टेंबरचा. नव्या जीआरमध्ये सहावी ते आठवीच्या गटाचा पट 20 च्या खाली गेला की मंजूर पदं शून्य. एक नाही, अर्धं नाही, शून्य. आणि 2009 चा आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, तो काय म्हणतो? सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक शिक्षक, आणि त्यात गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हीला माणूस हवा. कायदा दिल्लीत पास झालेला, जीआर मुंबईत निघालेला, आणि दोघांच्या मधे आमची पोरं सतरंजीवर बसलेली.

आमचा सहावी-सातवीचा पट 23. म्हणजे बरं चाललं होतं. पण आता पट म्हणजे हजेरीपटावरची नावं नाहीत, सरकारच्या पोर्टलवर ज्यांचं आधार व्हॅलिड, म्हणजे शाळेच्या नोंदीशी जुळलेलं दिसतं तेवढीच. मुख्याध्यापकांनी रिपोर्ट काढला तर व्हॅलिड 18. मॅडम एरवी शांत बाई, पण त्या दिवशी लॅपटॉप माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "सर, तुम्ही अतिरिक्त होताय."

अतिरिक्त! म्हणजे या शाळेत माझं पदच उरत नाही. समोर 23 पोरं अपूर्णांकाचा भागाकार चुकवतायत आणि मी अतिरिक्त.

पाचातली दोन प्रकरणं सोपी होती, पोर्टलवर नावाचं स्पेलिंग वेगळं पडलेलं, ती आम्ही रात्री नेट आल्यावर नीट केली. पट कसाबसा 20 झाला, पण अगदी काठावर, एक नाव गळलं की गेला. उरली तीन, त्यांना तालुक्याच्या आधार केंद्रावर नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एका पोराचे बोटांचे ठसेच लागत नव्हते. सातवीतल्या एका पोरीच्या आधारवर लिंग "पुरुष" पडलेलं, बारा वर्षं कुणाच्या लक्षात नाही, कारण तिला कुणी आधार मागितलंच नव्हतं. आणि तिसरा सहावीतला, त्याच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आणि आमच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीत, वेगळीच. रजिस्टरला हात लावायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तेव्हा आधारच बदलायचं ठरलं.

पालकांना घेऊन निघालो. पोरीची आई आली, वडील म्हणाले, "गुरजी, आमची उचल घेतलेली हाय, मुकादम दिवाळी सरली की गाडी लावतो, काय करायचं ते आत्ताच करा." आमच्या गावातली निम्मी घरं मुकादमाकडून आगाऊ पैसे म्हणजे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. हंगामात पोरं मागं ठेवायची का बरोबर न्यायची, हे आजी घरात आहे का यावर ठरतं, आणि हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर त्यावर.

केंद्रावर गेलो तर दारातून आत जायला जागा नाही. सगळ्या बाया. लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायची मुदत 30 सप्टेंबरपर्यंत वाढवलेली, आधारला मोबाईल लिंक नाही, बँकेला आधार लिंक नाही, म्हणून गावोगावच्या बाया पहाटेपासून रांगेत. महिन्याचे 1500 रुपये आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही, मजुरी बुडवून उभं राहणं सोपं नसतं. पण गंमत बघा, तारीख तीच 30 सप्टेंबर. सरकारचं एक खातं बाईला पैसे द्यायला तिचं आधार मागतंय आणि दुसरं खातं तिच्याच पोरीचा मास्तर ठेवायचा का काढायचा ते ठरवायला पोरीचं आधार मागतंय, आणि तालुक्याला मशीन चालू एकच.

दुपारपर्यंत नंबर लागेना. मी ऑपरेटरला सांगून बघितलं की शाळेचं काम आहे, तो म्हणाला सर सगळ्यांचंच काम आहे. खरंय. मग पुढच्या एका बाईने विचारलं लेकराला का आणलंय, आमच्या पोरीच्या आईने सांगितलं, "कागदावर माझी पोरगी पोरगा झालीय, म्हणून शाळेतला मास्तर जातोय." रांगेत जे हसणं सुरू झालं! पण हसता हसता त्यांनीच आम्हाला पुढे सोडलं. एक म्हातारी पोरीला म्हणाली, "ऱ्हाऊ दे की तसंच, पोराला जमीन तरी लागती नावावर." पोरगी लाजून लाल.

तिचं काम झालं. ठसेवाल्याची बोटं पुसून पुसून, पाणी लावून, परत पुसून घेतली, मशीन लाल दिवाच दाखवतंय. सुट्टीभर बापाबरोबर दगडमाती उपसलेली बोटं ती. पंधरा दिवसांनी परत या म्हणाले.

तिसऱ्याचं काम तर सुरूच झालं नाही. जन्मतारीख बदलायला जन्माचा दाखला पाहिजे. वडिलांनी खिशातून लसीकरणाचं चुरगळलेलं कार्ड काढलं. ऑपरेटर म्हणाला हे चालत नाही, दाखला आणा. वडील म्हणाले, "सायेब, त्यो कारखान्याच्या तळावर झाला, कोपीत. कोन देनार दाखला?" दुसऱ्या जिल्ह्यात, उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, दवाखाना नाही, दाई म्हणजे टोळीतलीच एक बाई. नोंद करायला गेलं असतं तर त्या दिवसाचा खाडा पडला असता.

हा पोरगा रोज शाळेत येतो. खिचडीच्या हिशोबात आहे, वजन-उंचीच्या तक्त्यात आहे, कबड्डीच्या टीममध्ये तर कॅप्टन आहे. फक्त संचमान्यतेला तो नाही. आणि सुप्रीम कोर्टाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्वच्छ सांगितलेलं आहे. बरोबर, प्रवेश आम्ही दिलाच की, आडवलं कुणी? फक्त त्याच्यासाठीचा मास्तर मोजताना त्याला मोजायचं नाही, एवढंच. निकालाला धक्काही लागत नाही आणि पद पण वाचतं सरकारचं.

परतीच्या जीपमध्ये शेजारी एक ओळखीचे पालक भेटले, त्यांचा मुलगा चौथीपर्यंत आमच्याकडे होता, आता इंग्लिश मिडियमच्या व्हॅनने जातो. म्हणाले सर राग मानू नका, पण तुमच्याकडे पुढच्या वर्षी मास्तर असेल का हेच माहिती नाही, मग रिस्क कशाला. मला उत्तर सुचलं नाही कारण उत्तर मलाही माहिती नव्हतं. ती व्हॅन ज्या संस्थेची आहे ती 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यावर उभी राहिलेली, अनुदान नाही म्हणून सरकारला खर्च नाही, बाकी बिल पालकाचं. संस्था कुणाची ते लिहीत नाही, पण 15 ऑगस्टला आमच्याच मैदानात तिचे संस्थाचालक मराठी शाळा वाचवा म्हणून चांगलं वीस मिनिटं बोलले होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या, गरिबांच्या पोरांसाठी राखीव 25 टक्के जागा द्यायची गरज नाही. आमच्यातले काहीजण खूष, म्हणे आता पोरं आपल्याकडे येतील. मला ते कधीच पटलं नाही. गरिबाच्या पोराचा दुसरीकडचा रस्ता अडवून आपला पट वाढवायचा, आणि इकडे त्याला मास्तर द्यायचा नाही, हा कुठला न्याय. हायकोर्टाने जुलैत तो बदल रद्द केला ते बरंच झालं. मग 5 सप्टेंबरला, नेमकं शिक्षकदिनाला, जीआर निघाला की 20 पेक्षा कमी पटाच्या शाळेत दोनातली एक जागा कंत्राटी, 15 हजार मानधनावर. त्यावर 25 तारखेला सामूहिक रजा टाकून मोर्चे निघाले, मीही गेलो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि दुसऱ्या दिवशी परत पोर्टल उघडून बसलो.

महिनाअखेरीला पोरीचं आधार अपडेट होऊन आलं. 18 अधिक दोन अधिक एक, 21. माझं पद त्या वर्षापुरतं वाचलं. दोन नावांची स्पेलिंगं आणि एका पोरीचं लिंग दुरुस्त होऊन पट काठावरून वर आला म्हणून गावात सातवीपर्यंत शाळा राहिली, हे मी सासरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

ठसेवाल्याचं दिवाळीनंतर झालं, पण तारीख गेलेली. कारखान्याच्या तळावर जन्मलेल्या पोरासाठी आम्ही उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज केला, शपथपत्र, पंचनामा, शाळेचा उतारा, सगळं जोडून. तेवढ्यात जानेवारी 2025 मध्ये बांगलादेशी घुसखोरांना खोटे दाखले वाटले असे आरोप झाले आणि राज्यभर उशिराच्या नोंदी थांबवल्या. मार्चमध्ये नवे नियम आले, त्याप्रमाणे कागद परत गोळा करायला लागले, त्यातला एक दुसऱ्या जिल्ह्याच्या ग्रामपंचायतीकडून आणायचा होता. वडील तेव्हा तिकडेच तोडीला होते, मी त्यांना फोनवर अर्जातला मजकूर सांगितला आणि त्यांनी तो मुकादमाच्या पोराकडून लिहून घेतला. फाईल आता तालुक्याला आहे. पोरगा सातवीत आलाय आणि पोर्टलवर अजून इनव्हॅलिड आहे.