तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारनं समाजकार्यासाठी नक्की काय करावं?

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं क्षेत्रकार्याला (प्रत्यक्ष कामाच्या सरावाला) वॉर्डात आली की हमखास विचारतात, "मॅडम, सरकारनं आपल्या प्रोफेशनसाठी काय करायला हवं?" पुरस्कार समारंभातले पाहुणेही विचारतात, पण ते उत्तराला थांबत नाहीत. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, म्हणजे रुग्णालयातली समाजकार्यकर्ती, आहे. माझं उत्तर एवढंच: पदं काढा, आणि काढलेली भरा.

हाडांच्या वॉर्डातला एक रुग्ण सांगते, ओळख पटणार नाही इतपतच. बांधकामावरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेसाठी लागणारी कागदपत्रं गावी. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंद नाही, कारण नोंदीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदाराचा फोन बंद. इथवरची धावपळ आरोग्यमित्र (रुग्णालयात योजनेचं काम बघणारा मदतनीस) किंवा एखादा धडपड्या कार्यकर्ताही करेल. पण हा गडी "घरी कळवू नका" म्हणून अडून बसलेला. डॉक्टर वैतागले, सिस्टरांनी मला बोलावलं. खाटेशी स्टूल ओढून बसत गेले तेव्हा हळूहळू बाहेर आलं: मुकादमाची उचल अंगावर होती. हा पडलाय हे गावात कळलं की मुकादम याच्या बायकोच्या दारात उभा राहणार. मग पोलीस पाटलांशी बोलणं, भावाला बोलावून घेणं, उचलीचं कोणी कोणाला कधी सांगायचं ते त्याच्याबरोबर बसून ठरवणं. तोवर ऑपरेशनची तारीख एकदा पुढे गेली. केसपेपरवर या सगळ्याची नोंद एका ओळीची: 'नातेवाईकांशी संपर्क केला.'

हे नुसत्या कनवाळूपणानं जमत नाही, शिकावं लागतं. शिकवायची सोय मुंबईत १९३६ पासून आहे. तेव्हाचं सर दोराबजी टाटा स्कूल म्हणजेच आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. महाराष्ट्रात समाजकार्य महाविद्यालयांना सामाजिक न्याय विभाग अनुदान देतो. म्हणजे माणसं घडवायला पैसा आहे, घडलेल्यांना बसवायला खुर्ची नाही. पोरं पास होतात आणि कुठल्यातरी योजनेत समुपदेशक म्हणून ११ महिन्यांच्या करारावर चिकटतात. करार संपला की एक दिवसाचा ब्रेक, पुन्हा अर्ज. एचआयव्हीचा रुग्ण ज्या ताईंशी मोकळा झाला, त्या पुढच्या वेळी असतील याची खात्री नाही. नव्या ताईंना तो पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगेल, असं कागदावर धरलेलं असतं.

सरकारला जमत नाही असंही नाही. १९८४ मध्ये टिसनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण पोलीस नसलेली, प्रशिक्षित कार्यकर्ती. मार खाऊन आलेल्या कितीतरी बायकांना पहिल्या दिवशी गुन्हा नोंदवायचा नसतो. दागिने परत हवे असतात, मूल ताब्यात हवं असतं, किंवा नवऱ्याला कोणीतरी खडसावावं एवढंच. ते ऐकून घ्यायला तिथे माणूस असतं. २००५ मध्ये राज्य सरकारनं हे काम आपलं मानलं आणि पुढे ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. मुलांना मी हेच उदाहरण देते.

कायद्याचं मात्र गंमतशीर आहे. बाल न्याय मंडळात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात तिथे, न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत, असं २०१५ चा कायदा म्हणतो. पात्रता काय, तर मुलांसाठीच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाची सात वर्षं, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र, कायदा यांतल्या पदवीचा व्यावसायिक. समाजकार्याची पदवी या यादीत नाही! व्यवसायाची नोंदणी आणि नियम बघायला वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल. समाजकार्याच्या अशा राष्ट्रीय परिषदेच्या कायद्याचे मसुदे मात्र १९९० च्या दशकापासून फिरताहेत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, तेवढा आम्हा दवाखानेवाल्यांना आधार. शाळेत, वस्तीत, बालगृहात काम करणारे अजून बाहेरच.

तेव्हा पोरांनो, मंत्रालयात निवेदन घेऊन जाणार असाल तर आधी प्रत्येक जिल्ह्यातली मंजूर पदं किती आणि भरलेली किती, ते माहिती अधिकारात मागवा. तो तक्ता निवेदनाच्या पहिल्याच पानावर लावा. 'पुरस्काराची रक्कम वाढवा' हे कलम निवेदनातून काढून टाका. ती न मागता वाढते.