बंबाचे तीन पाय

आजची दुपार एका तांब्याच्या बंबापायी गेली. तांबट आळीतल्या काकांना तो काळ्या काचेवर ठेवल्यासारखा फोटो हवा होता. खाली प्रतिबिंब दिसावं म्हणून फोटोशॉपमध्ये बंबाच्या चित्राचा थर, म्हणजे लेयर, उलटा केला, तर पुढचा पाय जुळला, मागचे दोन अधांतरी! फोटो जरा वरून काढलेला, म्हणून तिन्ही पाय वेगवेगळ्या उंचीवर टेकतात. प्रत्येक पाय सुटा कापून आपापल्या जागी उलटा जोडला.

खरी गोम बुडाची. प्रतिबिंबात बूड दिसायला हवं, आणि ते फोटोत नाहीच. शेवटी आळीत गेलो, बंब आडवा करून खालची जाळी टिपली. ठोक्यांचा एकेक खळगा काय चमकत होता! हाताने रंगवून ते कधीच आलं नसतं. मग ते बूड प्रतिबिंबात जोडलं, प्रतिबिंब खाली मास्कने, म्हणजे चित्राचा भाग झाकणाऱ्या पडद्याने, पुसट केलं, किंचित ब्लर दिला. काका फोटोकडे बघतच राहिले.