जाळलेल्या प्रती

नवव्या शतकातल्या दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड आपल्या मृत्युपत्रात वाटणी सांगता सांगता मध्येच थांबतो आणि एक खुलासा करतो. पूर्वी माझ्यापाशी पैसा जास्त होता, नातलगही जास्त होते, तेव्हा मी वेगळी व्यवस्था लिहून ठेवली होती. ते कागद पुष्कळ जणांकडे सांभाळायला दिले होते. आता त्यातले जेवढे हाती लागले तेवढे जाळून टाकले आहेत. एखादा राहिला असेल आणि पुढे कुठून निघालाच, तर तो रद्द समजावा.

८७८ साली एडिंग्टनला डेन लोकांना, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या हल्लेखोरांना, हरवून ज्याने राज्य परत मिळवलं, त्या माणसाची ही धास्ती आहे. शत्रूची नव्हे, कुणाच्या तरी पेटीच्या तळाशी पडून राहिलेल्या कागदाची. (कागद म्हणायचं ते आपल्या सवयीने, प्रत्यक्षात ते खरवडून, ताणून वाळवलेलं कातडं.) मृत्युपत्र ही चीज राजवाड्यात गेली तरी घरगुतीच राहते. तिथेही जुनी प्रत बाहेर निघण्याची भीती असते, तिथेही कुणाला किती मिळालं हे एकदा वाचून होतं आणि कुणाला किती कमी मिळालं हे पुन्हा पुन्हा वाचलं जातं.

त्या काळी मृत्युपत्र हे मुळात बोलण्याचं काम होतं. साक्षीदारांपुढे तोंडाने सांगितलं की वाटणी झाली. लिखाण केवळ पुराव्यापुरतं. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात पक्की रीत पडली ती अशी: एकाच कातड्यावर तोच मजकूर दोनदा किंवा तीनदा उतरवायचा, मधल्या कोऱ्या पट्टीत ठसठशीत अक्षरांत एक शब्द लिहायचा आणि नेमकं त्या शब्दावरूनच कापायचं. एक तुकडा मठात, एक घरात, एक तिसऱ्याच माणसाकडे. तंटा उभा राहिला की तुकडे जोडून पाहायचे; अर्धी अर्धी अक्षरं जुळली तर दस्त खरा. याने बनावट कागदाला आळा बसतो. पण खऱ्याच माणसाने खऱ्याच मनाने दहा वर्षांपूर्वी केलेल्या खऱ्या कागदाचं काय करायचं? त्यावर विस्तव हाच उपाय.

जमिनीचे प्रकार दोन. एक 'फोकलंड', म्हणजे रूढीने कुळात चालत आलेली; ती भाऊबंदांच्या रिवाजाप्रमाणेच जाणार. दुसरी 'बोकलंड', म्हणजे सनदेने मिळालेली. ती आपल्या मर्जीने कुणालाही देता येते. मृत्युपत्र चालायचं ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर. सिंहासन मात्र या दोन्हींत बसत नव्हतं. राजाने आपली इच्छा सांगावी, वाटल्यास लिहूनही ठेवावी, पण तो गेल्यावर विटान, म्हणजे बिशप आणि सरदारांचा मेळा, ज्याला मानेल तो राजा. थोरल्या मुलाचा हक्क असा काही नव्हताच. अंगात राजरक्त हवं, वय वाढलेलं हवं, हातात तलवार पेलायला हवी आणि पाठीशी माणसं हवीत. या अटींत जो बसेल तो 'एथेलिंग', म्हणजे गादीला लायक असा राजकुळातला पुरुष. एका वेळी असे चार-सहा जण सहज निघत.

अशा व्यवस्थेत काय बिघडतं ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्याने आठव्या शतकात दाखवून दिलं होतं. तिथे राजे मारले जात, हाकलले जात, मुंडण करून मठात बसवले जात. ७९६ साली ऑस्बाल्ड नावाचा एक राजा सत्तावीस दिवस टिकला. उलट टोकाचा उपाय मध्य इंग्लंडमधल्या मर्सियाचा राजा ऑफा याने करून पाहिला. मुलगा एकफ्रिथ याला त्याने ७८७ सालीच, स्वतः जिवंत असताना अभिषेक करवला आणि दुसरे दावेदार कापून काढले. ऑफा ७९६ मध्ये वारला. मुलगा १४१ दिवसांत त्याच्यामागे गेला. बापाने मुलासाठी जे रक्त सांडलं त्याने राज्य बळकट न होता बुडालं, असं अल्क्विन या नॉर्थम्ब्रियातल्या विद्वानाने तेव्हाच एका पत्रात लिहिलं.

वेसेक्समध्ये आल्फ्रेडच्या घराने तिसरा मार्ग काढला. गादी भावाकडून भावाकडे, आणि जमीन त्या क्रमाने तिच्या मागोमाग. बाप एथेलवुल्फ. मुलं थोरल्यापासून: एथेलस्टन, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड. मुलगी एथेलस्विथ. 'एथेल' म्हणजे खानदानी. घराण्याचा शिक्का नावातच मारलेला. वाचणाऱ्याचे हाल होतात. आल्फ्रेडच्या एकाच मृत्युपत्रात तीन एथेलरेड भेटतात: एक वारलेला भाऊ, एक आर्चबिशप, एक मर्सियाचा सरदार. धाकट्याच्या वेळी मात्र आईबापांनी शिक्का बाजूला ठेवला. चार मुलगे पुढे असताना पाचव्याची पाळी येईल असं कुणाला वाटलं नसावं.

थोरला बापाच्या आधीच वारला. एथेलबाल्डने तर बाप रोमला गेलेला असताना बंडच केलं. ८५६ साली बाप फ्रँकांच्या राजाची मुलगी जुडिथ हिच्याशी लग्न करून परतला तेव्हा त्याला राज्याचा पूर्वेकडचा भाग घेऊन गप्प बसावं लागलं. ८५८ मध्ये बाप गेल्यावर एथेलबाल्डने त्याच सावत्र आईशी लग्न केलं. (आल्फ्रेडचा चरित्रकार असर याला याची शिसारी आली आहे, पण राजकन्येचा हात म्हणजे सासरच्या राजाचा पाठिंबा, हा हिशेब त्यामागे स्पष्ट दिसतो.) बापाच्या मृत्युपत्रात एक तरतूद होती: ठरावीक मिळकत एथेलबाल्ड, एथेलरेड आणि आल्फ्रेड या तिघांच्या सामाईक मालकीची, आणि जो सगळ्यांत शेवटी जिवंत राहील त्याच्याकडे ती सगळी जावी. हेतू चांगला होता. राज्याला पोसणाऱ्या जमिनीचे दर पिढीला तुकडे पडू नयेत. पण हे कलम म्हणजे उशिरा मरणाऱ्याला बक्षीस.

८७१ साली एथेलरेड राजा झाला... नव्हे, वारला, या नावांनी माझीही गल्लत होते. त्याची मुलं एथेलहेल्म आणि एथेलवोल्ड तेव्हा लहान होती. डेन सैन्य देशात घुसलेलं, त्या एका वर्षात टेम्सच्या दक्षिणेला नऊ मोठ्या लढाया झालेल्या. अशा वेळी तान्ह्या पोराला गादीवर कोण बसवणार? बाविशीच्या आसपासचा आल्फ्रेड राजा झाला, आणि त्यावर कुणी तक्रार केली नाही. तक्रार झाली ती जमिनीवरून. दोघा भावांनी पूर्वी स्विनबेओर्ग नावाच्या जागी सभेपुढे ठरवलं होतं, की मागे राहील त्याने दुसऱ्याच्या मुलांना त्यांच्या बापाच्या वाट्याची स्वतंत्र जमीन द्यायची, सामाईक मिळकत मात्र स्वतःकडे ठेवायची. मुलांच्या बाजूने बोलणाऱ्यांना ही वाटणी पटली नाही.

पुढचा प्रसंग आल्फ्रेड स्वतः सांगतो, आणि तो फार बहारीचा आहे. लांगांडेन इथल्या सभेत त्याने बापाचं मृत्युपत्र आणवलं, सगळ्या विटानपुढे वाचून दाखवायला लावलं आणि विनंती केली, की माझ्यावरच्या प्रेमापोटी किंवा भीतीपोटी कुणीही खरा न्याय सांगायला कचरू नये. भाऊबंदांवर मी अन्याय केला असं कुणी म्हणायला नको. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, की यापेक्षा न्याय्य हक्क आमच्या ऐकिवात नाही. आता सगळं तुमच्या हाती आलं आहे, नातलगाला द्या नाहीतर परक्याला द्या, तुमची मर्जी. मग हमी दिल्या, सह्या केल्या. कामकाज निर्दोष. फक्त वादी लहान, प्रतिवादी राजा, आणि पंच प्रतिवादीच्या पंगतीला जेवणारे.

आता वाटणी. मृत्युपत्र ८७२ ते ८८८ च्या दरम्यानचं आहे. आपल्यापर्यंत ते विंचेस्टरच्या मठातल्या अकराव्या शतकातल्या प्रतीतून आलं. थोरला मुलगा एडवर्ड याला कॉर्नवॉलपासून पूर्वेपर्यंत पसरलेली गावं, शिवाय केंटमधली सगळी बोकलंड. पत्नी एल्सविथला लॅम्बर्न, वाँटेज आणि एडिंग्टन. वाँटेज हे त्याचं जन्मगाव आणि एडिंग्टन ही विजयाची जागा. इतक्या रुक्ष यादीत एवढी एकच ओळ हळवी वाटते. पुतण्यांपैकी एथेलहेल्मला आठ गावं. एथेलवोल्डला तीन: गोडाल्मिंग, गिल्फर्ड, स्टेनिंग. ऑस्फर्थ नावाच्या एका नातलगालासुद्धा याहून जास्त मिळाली.

रोकडीचा हिशेब आणखी बोलका. दोन्ही मुलग्यांना प्रत्येकी ५०० पाउंड. पत्नीला आणि तिन्ही मुलींना प्रत्येकी १००. पुतण्यांना प्रत्येकी १०० मँकस. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण मँकस म्हणजे ३० पेनी आणि पाउंड म्हणजे २४० पेनी. १०० मँकस म्हणजे ३,००० पेनी, म्हणजे साडेबारा पाउंड. मुलाच्या वाट्याचा चाळिसावा हिस्सा. आणि हेच १०० मँकस राजाने आपल्या प्रत्येक सरदारालाही दिले आहेत. राजाच्या पोटी जन्मलेल्या एथेलिंगला त्याने नकळत, की पुरतं कळून, सरदारांच्या ओळीत नेऊन बसवलं.

याच दस्तात 'भाल्याची बाजू' आणि 'टकळीची बाजू' असे दोन शब्द येतात: पुरुषांची शाखा आणि बायकांची शाखा. माझ्या आजोबांनी जमीन भाल्याच्या बाजूला दिली होती, टकळीच्या नाही, असं आल्फ्रेड लिहितो. मी त्यातली काही बायकांना दिली असेल तर भाऊबंदांनी किंमत मोजून ती सोडवून घ्यावी. टकळीची बाजू जमिनीपुरती तरी पैशाने तोलली जायची. राज्याच्या बाबतीत तेवढंही नाही. आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लेड हिने मर्सियावर खरोखर राज्य केलं. ती जून ९१८ मध्ये वारली, आणि सत्ता तिच्या मुलीकडे, एल्फविनकडे आली. सहा महिन्यांत सख्ख्या मामाने, म्हणजे एडवर्डनेच, तिचे अधिकार काढून तिला वेसेक्सला नेलं. पुढे तिचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही.

मृत्युपत्रात गादीचा उल्लेख कुठेच नाही. तो असायची गरजही नव्हती. आल्फ्रेडच्या काळातल्या एका सनदेवर साक्षीदारांच्या यादीत एथेलवोल्डचं नाव एडवर्डच्या वर आहे, दोघांपुढेही 'राजाचा मुलगा' असं लिहिलेलं. ८९८ च्या केंटमधल्या सनदेवर मात्र बाप जिवंत असताना एडवर्ड 'राजा' म्हणून सही करतो. सनदांच्या तळाशी कुणी कुणाच्या वर सही करायची हा वरवर बारकावा; पण त्या दरबारात खुर्ची सरकल्याचा पहिला आवाज तिथेच येतो.

२६ ऑक्टोबर ८९९ ला आल्फ्रेड वारला आणि एथेलवोल्डने लगेच दोन गावं ताब्यात घेतली: विम्बर्न आणि क्राइस्टचर्च. दोन्ही त्याच्या तीन गावांतली नव्हेत. विम्बर्नला त्याच्या बापाची कबर होती. वारसाने कागद बाजूला सारून थडग्याशी जाऊन उभं राहायचं, यात निरोप पुरेसा स्पष्ट होता. एडवर्ड सैन्य घेऊन जवळच्या बॅडबरीच्या टेकाडावर उतरला. एथेलवोल्डने दरवाजे अडवले, जगेन तर इथे आणि मरेन तर इथे असं जाहीर केलं, आणि रात्री घोड्यावर बसून निसटला. मठातून आणलेली एक जोगीण मागेच राहिली. तो थेट नॉर्थम्ब्रियातल्या डेन सैन्यात गेला. ज्यांच्याशी लढण्यासाठी पोर म्हणून त्याला वगळलं होतं, तेच आता त्याचे पाठीराखे.

९०१ मध्ये तो आरमार घेऊन एसेक्सला उतरला, ९०२ मध्ये पूर्व अँग्लियाच्या डेनांना घेऊन टेम्स ओलांडून क्रिकलेडपर्यंत लुटत गेला. एडवर्डने त्यांच्या मुलखात घुसून उलट जाळपोळ केली आणि माघारीचा हुकूम सोडला. केंटची तुकडी हलेना. सात निरोप्ये पाठवले तरी नाही. होल्म इथे डेनांनी त्यांनाच गाठलं. रणांगण डेनांकडे राहिलं, पण मेलेल्यांत त्यांचा राजा एओरिक होता आणि एथेलवोल्डही होता. लढाई हरून एडवर्डने भाऊबंदकी मिटवली.

हे सगळं अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात, म्हणजे त्या काळच्या वर्षवार नोंदींत आहे, आणि त्याच्याही प्रती अनेक. वेसेक्सच्या दरबाराला जवळची प्रत म्हणते, एथेलवोल्डने राजाच्या परवानगीवाचून गावं घेतली; दुसऱ्या प्रती म्हणतात, राजाच्या मनाविरुद्ध. नॉर्थम्ब्रियाच्या सैन्याने त्याला राजा म्हणून स्वीकारलं, हे वाक्य दुसऱ्या प्रतींत आहे, पहिलीत नाही. होल्मच्या मृतांच्या यादीत पहिली प्रत त्याची ओळख करून देते ती अशी: ज्याने लढायला चिथावलं तो. दुसऱ्या प्रतींत त्याच जागी आहे: ज्याला त्यांनी आपला राजा निवडलं तो. या प्रती कुणाच्या हाती लागल्या नाहीत, म्हणून त्या राहिल्या.