मावशींचं सोडियम

उन्हाळ्यात सोलापुरात दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसाला भेटायला गेलं, की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "सोडियम किती आलं?" असा असतो. "एकशे अठरा" म्हटल्यावर समोरचा डोळे मोठे करतो आणि लगेच उपाय सांगतो, "मीठ कमी पडलंय. मिठाचं पाणी पाजा."

आमच्या शेजारच्या मावशी असंबद्ध बोलू लागल्या, गेलेल्या माणसांना हाका मारू लागल्या, तेव्हा त्यांचाही आकडा असाच आला. डॉक्टरांनी मात्र मीठ सोडून पाण्यावर बोट ठेवलं. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, जास्त नाही. बाहेर पारा त्रेचाळीसवर, नळाला पाणी काही दिवसांआड, घराघरात भांडीकुंडी भरून ठेवलेली, आणि या गावात एका बाईच्या अंगात पाणी जास्त झालंय! घरच्यांना ही थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. तपासणीत येणारा आकडा म्हणजे अंगात एकूण किती मीठ आहे त्याचा हिशेब नव्हेच. रक्ताच्या द्रवात एका लिटरमागे सोडियम किती, एवढंच तो सांगतो. १३५ ते १४५ मिलिमोल ही निरोगी माणसाची पट्टी. मीठ तेवढंच राहून पाणी वाढलं तरी आकडा उतरतो, आणि बहुतेकदा होतं ते हेच. उलट्या-जुलाबांत मीठ खरंच निघून जातं, ती गोष्ट वेगळी. मावशींची ब्लडप्रेशरची गोळी मीठ बाहेर काढणारी होती, पण जादा पाणी नीट बाहेर जाऊ देत नव्हती. त्यात जेवण म्हणजे चहा आणि खारी. लघवीवाटे पाणी जायचं तर सोबत थोडे क्षार जावे लागतात. पोटात अन्नच नाही तर तेही तोकडे पडतात. वर "उन्हाळा आहे, पाणी पी" म्हणून घरातला प्रत्येक जण प्रेमाने तांब्या पुढे करत होता.

एरवी हा समतोल शरीर इतक्या बारकाईने राखतं की आपल्याला पत्ता लागत नाही. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी जरा हात सैल सोडून खाल्ली, की रक्त किंचित दाट होतं. एक-दोन टक्क्यांचा फरक, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशींना तेवढा पुरतो. तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतं. आपण घटाघटा पितो. गंमत म्हणजे ते पाणी रक्तात पुरतं मिसळायच्या आधीच तहान भागते. घसा आणि पोट यांच्या शब्दावर मेंदू उधारी देतो.

मूत्रपिंडाचं काम तर मला फार आवडतं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ते गाळतं, म्हणजे आपल्या अंगणातला निळा ड्रम जवळजवळ काठोकाठ. त्यात विरघळलेलं मीठ दीड किलोच्या घरात भरेल. यातलं लिटर-दोन लिटर पाणी आणि काही ग्रॅम मीठ सोडलं, तर बाकी सगळं परत घेतलं जातं. सोलापूरकराने नमस्कार करावा अशी काटकसर!

घामाचंही तसंच. पूर्व भागात यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाच्या बनियनवर दुपारी पांढरे डाग दिसतात, ते मीठच. पण उन्हाची सवय व्हायला लागली की आठ-पंधरा दिवसांत घाम जास्त येतो आणि तरी कमी खारट होतो. अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून घर्मग्रंथी मीठ वाटेतच परत ओढून घेतात. पुण्याहून मे महिन्यात येणारे पाहुणे पहिल्या दोन दिवसांत गळून का जातात, याचं एक कारण हे असावं. त्यांना लिंबाचं सरबत द्यावं, मीठ आणि साखर दोन्ही घालून. साखर नुसती चवीला नसते. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आत शिरतं आणि त्याच्यामागून पाणी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोडीवर पटकीचे असंख्य रोगी वाचवले.

मावशींना मात्र सरबत नव्हतं. गोळी बदलली, पाणी मोजलं, आकडा हळूहळू चढू लागला. अक्कलकोटहून आलेल्या मामांना हे 'हळूहळू' सोसेना. "सलाईन मोठं लावा, एका दिवसात एकशे चाळीस करा की!" डॉक्टरांनी समजावलं, की पातळ रक्तात राहून मेंदूच्या पेशींनी स्वतःला जुळवून घेतलेलं असतं, आकडा झपाट्याने वर नेला तर त्यांनाच कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढू द्यायचा नाही.

मामा मान हलवत ऐकत होते. संध्याकाळी ते शेंगाचटणीचा डबा घेऊन हजर.