अण्णा कधी वारीला गेले नाहीत

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यात एकदाही वारी केली नाही, आणि तरी ज्येष्ठ लागला की घरात सगळ्यात जास्त धावपळ त्यांचीच. कोणी म्हणालं की अण्णा आता रिटायर झालात, या की एकदा चालत पंढरपूरला, तर उत्तर ठरलेलं, "सावता माळी गेला होता का? विठोबाच आला ना अरणला!" वर परत, मी गेलो तर कुंड्यांना पाणी कोण घालणार, तू? ऐन पावसाळ्यात पाणी कशाला लागतंय असं विचारायची सोय नव्हती, कारण मग शेडखालच्या कुंड्यांना पाऊस कसा लागत नाही यावर अर्धा तास गेलाच.

ते मागच्या मार्गशीर्षात गेले. या वर्षी नवरा म्हणाला आपण पुणे ते सासवड तरी चालूया माउलींबरोबर, दिवेघाट करू. वर्ष व्हायचंय अजून, जावं का नाही यावर दोन-चार नातेवाईकांनी न विचारता मतं दिली, ती सासूबाईंनी एका वाक्यात उडवली, "माउलीला भेटायला कसलं सुतक, जा, आणि नवे बूट घालू नका."

भल्या पहाटे पुलगेटला उभे राहिलो तेव्हाच गर्दी मुंगीला शिरायला जागा नाही अशी. दोन्ही पालख्या त्याच दिवशी पुणं सोडतात, माउली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून आणि तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबातून, त्यामुळे हडपसरपर्यंत सगळं एकच. हातात कोण चहाचा कप देतंय कोण राजगिऱ्याची वडी, नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात केळं. नुसतं एका दिवसासाठी आलेले आमच्यासारखे पुणेकर लगेच ओळखू येतात, पाठीवर सॅक आणि हातात मोबाईल, आणि खरे वारकरी त्यांना कोपरानं हळूच बाजूला सारत आपल्या लयीत निघून जातात. गाडीतळाशी वाटा फुटतात, तुकोबा सरळ सोलापूर रोडनं लोणी काळभोरकडे आणि माउली उजवीकडे सासवड रोडला. तिथे नवरा एकदम गप्प झाला. कारण आमच्या घरचे तुकोबा.

म्हणजे झालं असं की आम्ही बोपोडीचे. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून पुण्यात शिरते ती जुन्या मुंबई-पुणे रोडनं, दापोडीचा पूल ओलांडून, आमच्या घराजवळून. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते, कारखाना १८६९ चा, आणि आतली झाडं त्याहून म्हातारी आहेत असं ते छातीठोकपणे सांगायचे. वरणगावला बदलीवर प्रमोशन मिळत होतं ते घेतलं नाही कारण आजी अंथरुणाला खिळलेल्या आणि वन्संची दहावी. याचा त्यांनी कधी त्याग बिग केला नाही, विषय निघाला तर म्हणायचे वरणगावचं ऊन बघितलंयस का, माझा गुलाब जगला नसता. सकाळची शिफ्ट असली तरी वन्संची वेणी तेच घालून जायचे, सासूबाईंचा हात दुखायचा म्हणून, आणि वेणी इतकी घट्ट की वन्सं म्हणतात दिवसभर भुवया वर.

तर तुळस. पालखीत बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात ते सगळ्यांनी पाहिलंय, पण ती तुळस उन्हानं, वाऱ्यानं मधेच माना टाकते हे अण्णांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून चैत्रात वाळक्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी काढायचं, ते इतकं बारीक की श्वास सोडला तरी उडेल, मग त्यात चिमूटभर वाळू मिसळून ट्रेमध्ये भुरभुरायचं, वर मातीचा पापुद्रा. रोपाला चार-सहा पानं आली की दुधाच्या पिशवीत बदली. पहिल्यांदा चांगली हातभर उंच रोपं घेऊन ते रस्त्यावर उभे राहिले तर एका वारकरी मावशींनी हात झटकला, "बाबा, येवढी उंच नगं, वारा धरती, मान मोडंल माझी." झालं, पुढच्या वर्षीपासून शेंडा खुडायचा, बाजूनं फुटवे आले की परत खुडायचा, वीतभर उंचीची गच्च गोल तुळस. लाल माती कमी, कोकोपीट जास्त, का तर वजन डोक्यावर येणार. सेवा वगैरे शब्द त्यांनी वापरला नाही, पण कुठल्या मावशीनं रोप नाकारलं की दिवसभर चेहरा पडलेला.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला विचारलं, तुझ्या आईकडे मोगरा आहे ना साताऱ्याला, येताना फांदी आण. मला वाटलं हे काहीतरी शास्त्र असेल. शास्त्र कसलं, घरात जो येईल त्याच्या घरचं एक झाड गच्चीत पाहिजे हा त्यांचा नियम, आणि कुंडीवर ऑइल पेंटनं नाव. वन्संच्या सासरची शेवंती, जाऊबाईंची कोरांटी, माझा मोगरा, नातवंडं झाली तशी त्यांची नावं. माझ्या नावातली वेलांटी चुकवलेली, ती शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही. मी रुसले असेन कधी माहेरच्या आठवणीनं तर समजूत काढायला कोणी आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाटीत मोगऱ्याच्या चार कळ्या.

त्यांना राग आला की बोलायचे नाहीत, झारी आपटायचे. हे मला सासवडला समाज आरतीच्या वेळी आठवलं आणि मी हसायला लागले, कारण तिथे चोपदारानं चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग तिची तक्रार ऐकून घेतात. अगदी आमच्या गच्चीतली पद्धत.

पण आधी घाट. वडकीपर्यंतचा रस्ता मला विचाराल तर घाटापेक्षा वाईट, सपाट, लांबलचक, डांबरातून वाफा. आणि कागदी प्लेटा, पाण्याच्या बाटल्या, काय विचारू नका. तिथे काही तरुण मुलं सीडबॉल वाटत होती, घाटात फेका म्हणे. आमच्या नवऱ्यानं घेतले नाहीत, अण्णांचं मत त्याला तोंडपाठ, फेकून झाड येतं होय, दोन उन्हाळे पाणी घालायला कोण येणार? मला ते जरा कडक वाटतं, दहातलं एक आलं तरी आलंच की, पण मी पण घेतले नाहीत.

दिवेघाटाचं वर्णन मी करत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. खाली मस्तानी तलाव, वळणावळणानं पताका, आणि माउलींच्या रथाला चढासाठी जादा बैलजोड्या लावतात ते बघताना सगळ्यांच्याच पायात जोर येतो. रस्त्याकडेला उंदीरमारीची झाडं दिसली, तीच ती ग्लिरिसिडिया, वनखात्यानं पुण्याच्या टेकड्यांवर भरमसाट लावलेली. तिच्या नावानं सगळे बोटं मोडतात, अण्णा मात्र पोतंभर पाला आणून कुंड्यांत दाबायचे, फुकटचा नत्र म्हणून.

दुसऱ्या वळणावर माझ्या शेजारी एक मावशी चालत होत्या, परभणीकडच्या, डोक्यावर पितळी वृंदावन, हात सोडलेले, काही धरलेलं नाही. तुळशीला मंजिऱ्या लदलद. मंजिरी ठेवली की झाड लवकर म्हातारं होतं हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवतात, त्यामुळे माझी बोटं शिवशिवायला लागली. शेवटी विचारलंच, मावशी, खुडू का? त्या थांबल्या पण नाहीत. "खुड की बाई, मला कुठं दिसतंय वर काय चाललंय!" मग मी चालता चालता त्यांच्या डोक्यावरची तुळस निवडत होते आणि त्या हरिपाठ म्हणत होत्या, मधेच "पानं नगं तोडू गं" अशी सूचना. नवऱ्यानं त्याचा व्हिडिओ काढलाय, त्यात माझा चेहरा थेट सासऱ्यांसारखा दिसतोय असं सगळ्यांचं म्हणणं. सगळ्या मंजिऱ्या मावशींनी माझ्याच ओढणीच्या टोकाला बांधायला लावल्या, चैत्रात पेर म्हणाल्या. घाटमाथ्यावर विठ्ठलाच्या मोठ्या मूर्तीपाशी लोक सेल्फीला थांबले तशा त्या गर्दीत पुढे निघून गेल्या, नाव विचारायचं राहिलं.

सासवडला पोचेपर्यंत माझ्या पायांचं जे झालं ते झालं. पण नवऱ्याला तिथे अंजिराचं रोप दिसलं आणि पुरंदरचं अंजीर म्हणून त्यानं ते घेतलंच. कुंडीतलं अंजीर म्हणजे पोरखेळ, हे अण्णांनी त्याला किमान शंभरदा ऐकवलेलं. परतीच्या पीएमटीत उभं राहायला जागा नाही आणि हा पठ्ठ्या रोप छातीशी धरून, पानं शेजारच्या काकांच्या कानात. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी आमचे पाय बघितले, मग रोप, आणि म्हणाल्या, "पश्चिमेला ठेवू नका, तिथली भिंत तापते."

सध्या ते पाण्याच्या टाकीशेजारी आहे. दोन नवी पानं आलीत, एक जुनं पिवळं पडलंय. वन्संनी व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं पाणी जास्त होतंय, नवरा म्हणतो कमी होतंय, आणि कुंडीवर नाव कोणाचं लिहायचं यावरून घरात अजून एकमत नाही.