खाऱ्या वाऱ्यात स्पिरिटची चूल: रत्नागिरी ते आंबोळगड

कोकणात किनाऱ्याने सायकलवर फिरायचं तर खायची ददात नाही, घरगुती खानावळी आहेत, मासे आहेत, कुणी ना कुणी चहाला बोलावतंच, मग चूल कशाला वागवायची असं मला बरेच जण विचारतात. पण रत्नागिरीच्या खाली पावस सोडलं की पुढे गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे असं जाताना मधे लांबच लांब सडे लागतात, नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत. उजाडता उजाडता निघालं तर टपरी उघडी सापडत नाही, आणि उशिरा निघालं तर ऊन खातं. आपल्या हाताने चहा करता आला ना की हा रस्ता पूर्ण वेगळा होतो, हवं तिथे थांबता येतं. म्हणून चूल.

माझ्याकडे घडीची पत्र्याची चूल आहे, तळहाताएवढी. दोन बाजू उघडल्या की उभ्या राहतात, मधे छोटा ट्रे, त्यावर हेक्झामाइन ह्या घन इंधनाची पांढरी वडी ठेवायची आणि पेटवायची, बस. एस्बिट ह्या जर्मन कंपनीच्या चुलीचाच हा प्रकार. एरिख शुम नावाच्या जर्मन माणसाने १९३६ साली ह्या वड्या काढल्या आणि ही रचना इतकी साधी की आजही तशीच चालते, मला त्या साधेपणाबद्दल खरंच आदर आहे. प्रश्न चुलीचा नाही, वडीचा आहे. एकतर ती इथल्या बाजारात मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते. दुसरं म्हणजे ती हवेतलं पाणी ओढते, किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाकीट फोडलं की वडी मऊ पडून भुगा व्हायला लागते. भांड्याच्या बुडाला तपकिरी चिकट थर बसतो तो घासून निघत नाही, धुराचा वास उग्र आणि तो धूर नाकातोंडात जाणं चांगलंही नाही. त्यापेक्षा स्पिरिट! कुठल्याही बाजारपेठेत हार्डवेअरच्या नाहीतर रंगाच्या दुकानात डिनेचर्ड स्पिरिट मिळतं, म्हणजे पिता येऊ नये म्हणून विषारी केलेलं इथेनॉल, फर्निचरच्या पॉलिशसाठी विकतात ते. आपल्याकडे पितळी स्टोव्हच्या काळात काकडा ह्याच स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचे, म्हणजे घराघरात माहीत असलेलं इंधन आहे हे.

तर चुलीत काय काय बदललं ते नीट सांगतो, कारण ते करायला सोपं आहे पण मापं चुकली तर सगळं बिघडतं.

वडीच्या जागी स्पिरिटची वाटी बसवायची. सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे वाटीचा काठ आणि भांड्याचं बूड ह्यांच्यामधलं अंतर. ते साधारण ३ सेंटिमीटर हवं. कमी झालं तर ज्योतीला हवा पुरत नाही, स्पिरिट अर्धवट जळतं, डोळे चुरचुरतात आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. जास्त झालं तर अर्धी आच वाऱ्यावर जाते. माझ्या चुलीत ट्रेपासून भांड्यापर्यंत साडेचार सेंटिमीटर जागा आहे, म्हणजे वाटीची उंची दीड सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. बूट पॉलिशची छोटी चपटी डबी बरोबर बसली. आतलं पॉलिश काढून, साबणाने घासून, मोकळ्या हवेत एकदा चांगली भाजून वरचा रंग जाळून टाकायचा, तेव्हा वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. डबीचं झाकण फेकू नका, विझवायला तेच लागतं.

नुसतं स्पिरिट डबीत ओतून पेटवता येतं, पण चूल कलंडली की पेटतं स्पिरिट वाहत जातं. म्हणून डबीत ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, भरलं. सायलेन्सर दुरुस्त करणाऱ्याकडे मूठभर मिळालं, हातमोजे घालूनच हाताळायचं, कातडीला फार खाज सुटते. त्यावर स्टीलच्या चहाच्या गाळणीची जाळी गोल कापून घट्ट दाबून बसवली. आता साधारण २० मिलिलिटर स्पिरिट आत मुरतं, डबी आडवी झाली तरी भसकन सांडत नाही आणि वात म्हणून ग्लासवूल जळतही नाही, स्पिरिटच जळतं. मला विचाराल तर ह्या सगळ्या खटाटोपात हाच बदल सगळ्यात मोलाचा.

मग बाजूच्या पत्र्याला खालच्या अंगाला ६ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकांची एकेक ओळ पाडली, हवा खालून यावी म्हणून, बिजागरीपासून लांब, आणि कानशीने कडा घासल्या. भांडं लहान असेल तर ते दोन पत्र्यांच्या मधे पडतं, म्हणून पत्र्यांवर सायकलच्या जुन्या दोन स्पोक कापून आडव्या टाकल्या, त्या घडीच्या आत मावतात. आणि आच कमी करायला दुसऱ्या एका डबीचं झाकण घेऊन मधे रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं, ते जाळीवर ठेवलं की ज्योत बारीक होते.

रेल्वेत ज्वलनशील वस्तू न्यायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी, त्यामुळे आम्ही मी आणि माझा मावसभाऊ मुंबईहून निघताना चूल कोरडी ठक्क ठेवली आणि स्पिरिट रत्नागिरीच्या बाजारात उतरल्यावर घेतलं. दुकानदार काकांनी "कशाला हवं?" असं विचारलं, चूल काढून दाखवली तेव्हा त्यांनी काउंटरवरच ती दोनतीनदा उघडून मिटून बघितली. असं विचारणारा दुकानदार मला आवडतो. स्पिरिटमध्ये मेथेनॉल असू शकतं, ते विष आहे. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत मेथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. म्हणून बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसता कामा नये, आम्ही घट्ट झाकणाची वेगळी बाटली घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलं आणि ती खाण्याच्या पिशवीत न ठेवता सायकलच्या फ्रेमला बांधली. सॅनिटायझर चालेल का असं लोक विचारतात. जेल नको, जळल्यावर मागे चिकट गाळ राहतो, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेलं तर पिवळ्या ज्योतीने काजळी धरतं.

भाट्याच्या पुलावरून पहाटे बाहेर पडलो, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि पूर्णगडाला मुचकुंदी नदीच्या मुखाशी पोचलो. हा किल्ला छोटासा, दारावर गणपती कोरलेला आहे आणि समुद्राच्या बाजूला एक दरवाजा उघडतो तिथून खाली खाडी आणि समुद्र एकत्र मिळताना दिसतात. किल्ल्यात चूल पेटवायची नाही हे आमचं ठरलेलं, जुन्या दगडाला काळं करायचा आपल्याला काय अधिकार. पूल ओलांडून गावखडीला सुरूच्या बनाच्या बाहेर, किनाऱ्याकडच्या उघड्या खडकावर पहिला चहा टाकला.

ह्या किनाऱ्यावर चुलीचं सगळं गणित वाऱ्यावर आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हलका असतो. मग ऊन चढायला लागलं की मधे थोडा वेळ हवा एकदम पडते, पानही हलत नाही. आणि दुपारकडे समुद्राकडून खारा वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्या मधल्या पडलेल्या हवेत पाणी ठेवलं तर १५ मिलिलिटर स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळतं, आठएक मिनिटांत. हिशोब करून बघा, १५ मिलिलिटर इथेनॉलमध्ये जवळपास ३१५ किलोज्यूल उष्णता असते आणि अर्धा लिटर पाणी २८ अंशावरून १०० ला न्यायला १५० च्या आसपास लागतात, म्हणजे निम्मी आच पाण्यात गेली. एवढ्याशा पत्र्याला हे भरपूर झालं. मोजायला खोकल्याच्या औषधाची टोपी वापरतो, तिच्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतातच.

तेच दुपारी खाऱ्या वाऱ्यात आडोशाशिवाय केलं तर दुप्पट स्पिरिट जाऊनही पाणी नुसतं कोमट. स्पिरिटची ज्योत मऊ असते, वारा तिला भांड्याखालून सरळ बाहेर ओढतो. म्हणून आडोसा पाहिजेच. केटरिंगवाल्यांचा ॲल्युमिनियम फॉइलचा मोठा ट्रे असतो, तो उलगडून पट्टी कापली, कडा दुमडून जाड केली आणि भांड्याभोवती बोटभर जागा सोडून उभी केली, खालून वाळूत न खुपसता दगडांनी दाबली. गॅसच्या कॅनवर बर्नर बसवलेल्या चुलीला असा सगळीकडून आडोसा करणं धोक्याचं, कॅन तापतो. इथे तो धोका नाही, पण अगदी बंदिस्त केलं तर डबी तापून स्पिरिट उकळायला लागतं (७८ अंशालाच उकळतं ते) आणि ज्योत भडकते, तेव्हा वारा येतो त्याच्या उलट बाजूला थोडी फट ठेवायची.

दिवसाउजेडी दुसरी गोष्ट सांभाळायची ती म्हणजे ही ज्योत दिसतच नाही. उन्हात तर अजिबात नाही. मावसभाऊ सारखा विचारत होता, "दादा, पेटलीय की विझली?" त्यावर उपाय म्हणजे जाळीवर चिमूटभर मीठ टाकायचं, मिठातल्या सोडियममुळे ज्योत पिवळसर दिसते. डबी त्याने लवकर गंजते पण डबी काय, दुसरी मिळते. विझली असं वाटलं म्हणून वरून बाटलीने स्पिरिट ओतायचं नाही, कधीच नाही! झाकण ठेवायचं, डबी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग टोपीने मोजून घालायचं, आणि पेटवायच्या आधी बाटली बंद करून दहा पावलं लांब ठेवायची. इथल्या उबेत स्पिरिटची वाफ काडी दाखवल्याबरोबर धरते.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ बघितलं, लाकडावरचं कोरीवकाम बघत कितीतरी वेळ गेला, मग देवघळीच्या कड्यावर गेलो. मूर्ती समुद्रातून गलबताने आली आणि ह्या घळीत ठेवली गेली अशी कथा तिथे सांगतात. वरून खाली बघितलं की कथा खरी वाटायला लागते. इथे वारा इतका की चूल काढलीच नाही. शिवाय कड्यावर सगळीकडे गुडघ्याएवढं वाळलेलं गवत.

ह्या गवताबद्दल मला कळकळीने सांगायचंय. जानेवारी ते मे ह्या सड्यांवर एक ठिणगी पुरते. दरवर्षी वणव्यात हापूसच्या आणि काजूच्या बागा जातात, लावलेलं कलम जोर धरायला वर्षं लागतात आणि जळायला तासभर. ते शेतकऱ्याचं सगळं असतं हो. म्हणून चूल फक्त उघड्या कातळावर किंवा ओल्या वाळूवर सपाट दगड ठेवून, आजूबाजूला दोन-तीन हात गवत नाही, पाला नाही, शेजारी भरलेली पाण्याची बाटली. स्पिरिटचा एक मोठा गुण म्हणजे ते पाण्यात मिसळतं, भरपूर पाणी ओतलं की विझतं, रॉकेलसारखं वर तरंगत जळत राहत नाही. तरीही गवतात पेटलेली न दिसणारी ज्योत पसरली तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जिथे शंका, तिथे चूल नाही, सुकी चपाती आणि गूळ खायचा.

संध्याकाळी आडिवऱ्याची महाकाली, नाट्याचा यशवंतगड करत आंबोळगडाला पोचलो. गाव असं आहे की तिन्ही बाजूंनी समुद्र, किल्ल्याची तटबंदी बरीचशी ढासळलेली, आत वडाचं मोठं झाड. ज्यांच्याकडे राहायला जागा मिळाली त्या आजींनी अंगणाच्या कडेला, जांभ्याच्या गडग्याच्या आडोशाला चूल मांडायला सांगितलं आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. कुळथाचं पिठलं केलं. ह्या चुलीसाठी कुळथाच्या पिठासारखं दुसरं काही नाही, तेलात लसूण-मिरची, पाणी, दोन आमसुलं, पीठ कालवून ओतलं आणि भोकाचं झाकण टाकून बारीक आचेवर पाच-सात मिनिटं, झालं. भात साध्या बारीक तांदळाचा, अर्धा तास भिजवून, एक उकळी काढून पाच मिनिटं शिजवला आणि भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं, वाफेवर पुरा होतो. उकडा तांदूळ इथे नको, त्याला स्पिरिट पुरायचं नाही.

"एवढ्याशा डबीवर भात शिजला रे बाबा," आजी म्हणाल्या आणि आतून माशाचं सार आणून वाढलं, ते आमच्या पिठल्यापेक्षा शंभर पटीने चांगलं होतं.

सकाळी एसटीने राजापूरला जाऊन गाडी पकडायची होती, म्हणजे उरलेलं स्पिरिट बरोबर नेता येत नव्हतं. गावात एका घरी सुतार दरवाजाला पॉलिश मारत होते, त्यांना विचारून बाटलीतलं सगळं त्यांच्या डब्यात ओतलं. त्यांनी चूल हातात घेऊन बघितली आणि म्हणाले की पत्र्याला खालून भोकं पाडलीत ती तिरकी पाडली असती तर वारा थेट ज्योतीवर आला नसता, खालच्या कडेला छोटे पडदे वाकवून ठेवा. बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वेळी भोकांच्या जागी तीन बाजूंनी कापून बाहेर वाकवलेल्या पट्ट्या करणार आहे, वारा असेल तशा उघडता-मिटता येतील अशा, आणि जैतापूरच्या खाडीपलीकडे त्या वापरून बघायच्या आहेत.